अर्ध्या आयुष्याची पूर्ण शिकवण : कविवर बनारसीदास

बारा अनुप्रेक्षांमध्ये अनित्य अनुप्रेक्षेला पहिले स्थान आहे. देह, धन, आप्त, घरदार यांपैकी काहीही टिकणारे नाही, हा विचार आपण पर्वकाळात ऐकतो, वाचतो, त्यावर चिंतनही करतो. परंतु चालता धंदा एकाएकी बसतो, घरातील कर्ता पुरुष अंथरुणाला खिळतो, किंवा उद्या काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही, अशा वेळी पाठ केलेला विचार मनाला आधार देईलच असे नाही. तो जगण्यात उतरण्यासाठी कधी कधी सारे आयुष्य खर्ची पडते. अशा एका आयुष्याचा हा अल्प परिचय आहे. हे आयुष्य राजाचे नाही, मुनीचेही नाही. ते एका श्रावकाचे आहे. व्यापारात पुन्हा पुन्हा अपयशी ठरलेल्या, पण आत्मविद्येत उत्तीर्ण झालेल्या एका गृहस्थाचे आहे. ‘समयसार नाटक’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून कविवर बनारसीदास आपल्या परिचयाचे आहेत. त्यांचे जीवन मात्र तितकेसे परिचित नाही.

अस्थिरतेचा वारसा

बनारसीदास श्रीमाळ ज्ञातीच्या बिहोलिया गोत्रात जन्मले. त्यांचे आजोबा मूलदास हे माळव्यातील नरवर येथे एका मोगल सरदाराचे मोदी होते. मूलदासांचा मृत्यू झाला आणि सरदाराने त्यांची सारी मालमत्ता ताब्यात घेतली. पतिनिधनाच्या दुःखात बुडालेली त्यांची पत्नी लहानग्या खरगसेनला घेऊन जौनपूरला आपल्या वडिलांच्या आश्रयाला आली. एका दिवसात घर गेले, अन्न गेले, ओळखही गेली. हेच खरगसेन पुढे बंगालमध्ये राय धन्ना या श्रीमाळ दिवाणाच्या पदरी नोकरीला राहिले. तेथे जम बसतो न बसतो तोच धन्नांचा अकस्मात मृत्यू झाला. खरगसेनांना जीव वाचवून, वेष पालटून पुन्हा जौनपूर गाठावे लागले. त्यानंतर त्यांनी आगऱ्यात व जौनपुरात जवाहिऱ्याचा व्यवसाय केला.

खरगसेनांच्या घरी वि. सं. १६४३ च्या माघ महिन्यात (इ.स. १५८६-८७) पुत्र जन्माला आला. त्याचे नाव विक्रमाजीत ठेवण्यात आले. काही महिन्यांनी आईवडील त्याला घेऊन काशीला भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेले. पार्श्वप्रभूंच्या जन्मनगरीचे नाव दिल्यास मूल दीर्घायुषी होईल, असा दृष्टांत झाल्याचे तेथील पुजाऱ्याने सांगितले. विक्रमाजीतचा बनारसीदास झाला तो असा. ज्या घरात मुले जगत नसत त्या घराने हे नाव किती आशेने स्वीकारले असेल, याची कल्पना करता येते.

सुख आणि दुःख एकाच उंबरठ्यावर

बनारसीदासांचे बालपण आजारपण, दुष्काळ आणि पळापळ यांनी भरलेले आहे. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह खैराबादच्या एका श्रीमाळ कुटुंबातील मुलीशी झाला. नववधू सासरी आली त्याच दिवशी घरात त्यांच्या बहिणीचा जन्म झाला आणि त्याच दिवशी वृद्ध आजीने देह ठेवला. एकाच उंबरठ्यातून एक जीव गेला, एक आला आणि एक नवे नाते आत आले. संसाराचे स्वरूप दाखविण्यासाठी याहून वेगळा दृष्टांत शोधण्याची गरज नाही.

पुढे लवकरच जौनपूरचा सुभेदार किलिच खान याची जवाहिऱ्यांवर वक्रदृष्टी वळली. त्याने मागितलेली वस्तू ते देऊ शकले नाहीत. तेव्हा त्याने सर्व जवाहिऱ्यांना कैद केले, फटके मारविले आणि मग सोडून दिले. सुटका होताच सारे जवाहीर बायकामुलांसह वाट फुटेल तिकडे पांगले. खरगसेनांचे कुटुंब भर पावसात शाहजादपूरला पोहोचले. जवळ काही नव्हते आणि गावात ओळखही फारशी नव्हती. तेव्हा करमचंद नावाच्या एका वाण्याने त्यांना आपल्या घरी नेले. धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण यांसह भरलेले घर त्याने त्यांच्या हवाली केले. या उपकाराची नोंद बनारसीदासांनी चाळीसहून अधिक वर्षांनंतर, आपल्या आत्मचरित्रात, विसर न पडता केली आहे. ज्याने छळले त्याचे नाव इतिहासात अन्यत्रही सापडते. ज्याने दार उघडले त्याचे नाव मात्र केवळ या कृतज्ञ लेखणीमुळे टिकले.

मंत्र, शंख आणि जिन्याची पायरी

चौदाव्या वर्षी बनारसीदासांनी पंडित देवदत्तांकडे शब्दकोश, ज्योतिष आणि अलंकारशास्त्र यांचा अभ्यास केला. मुनी भानुचंद्रांकडूनही त्यांना धर्मग्रंथांचे शिक्षण मिळाले. परंतु याच वयात त्यांना शृंगाराचे वेड लागले. वडिलांच्या पेटीतील रत्ने चोरून त्यांनी प्रेमप्रकरणांत उधळली आणि शृंगारप्रधान असा एक हजार छंदांचा ग्रंथ रचला. हे सर्व त्यांनी स्वतःच, काहीही न लपविता, लिहून ठेवले आहे. त्यातच त्यांना अंगभर व्रणांचा असाध्य वाटणारा रोग जडला. जवळ बसायलाही लोक तयार नसताना पत्नीने आणि सासूने त्यांची शुश्रूषा केली आणि एका न्हाव्याच्या औषधाने ते बरे झाले.

अस्थिर जगात खात्रीचा आधार शोधणारे मन कुठे कुठे भटकते, याचे उदाहरणही याच काळात सापडते. एका संन्याशाने त्यांना मंत्र दिला. वर्षभर गुप्तपणे जप केल्यास दारात रोज एक सोन्याची मोहोर सापडेल, असे आमिष त्यासोबत होते. तरुण बनारसीदासांनी वर्षभर जप केला. वर्ष पूर्ण झाल्यावर त्यांनी पहाटे दारासमोरची जमीन न्याहाळली, मोहोर नव्हती. नंतर एका जोग्याने एक शंख दिला आणि त्याची नित्य पूजा केल्यास कल्याण होईल असे सांगितले. तीही पूजा त्यांनी मनोभावे चालविली.

इ.स. १६०५ च्या ऑक्टोबरमध्ये आगऱ्यात बादशहा अकबराचा मृत्यू झाला. ही वार्ता जौनपूरला पोहोचली तेव्हा बनारसीदास घराच्या जिन्यावर बसले होते. ऐकताच त्यांना भोवळ आली, ते खाली कोसळले आणि कपाळाला जखम होऊन रक्त वाहू लागले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेवर भरली. बाहेर तर सारे शहरच कोसळले होते. दुकाने बंद झाली. लोकांनी दागिने, हिशेबाच्या वह्या आणि रोकड जमिनीत पुरली. श्रीमंतांनी मुद्दाम जाडेभरडे कपडे अंगावर चढविले, म्हणजे श्रीमंत आणि गरीब यांच्यात फरक दिसू नये. दंगा कुठेच नव्हता, चोरही आले नव्हते; भय मात्र घराघरांत शिरले होते. सुमारे दहा दिवसांनी, जहांगीर गादीवर बसला असून सर्वत्र शांतता आहे, असे पत्र आगऱ्याहून आले. मग दुकाने उघडली आणि शहर पुन्हा चालू लागले.

जखम भरत असताना बनारसीदासांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. ज्याची आपण रोज पूजा केली तो शंख, आपण पडलो तेव्हा कुठे होता? त्या दिवसापासून त्यांनी ती पूजा सोडली. पुढे एकदा मित्रांसह गोमतीच्या पुलावर बसून आपला शृंगारग्रंथ वाचत असताना त्यांच्या मनात आले की, साधे एक असत्य बोलणेही पाप ठरते, मग या पोथीत तर कल्पित असत्यांची रासच रचली आहे. त्यांनी पोथी नदीत सोडून दिली. मित्र हळहळले, पण पाने प्रवाहाबरोबर दूर गेली होती. त्यानंतर ते नित्य जिनदर्शन, सामायिक आणि व्रतनियम पाळू लागले. वडिलांना मोठे समाधान वाटले.

व्यापारातील धडे

धर्माकडे वळल्यावर जीवन सुरळीत झाले असते, तर ही कथा येथेच संपली असती. प्रत्यक्षात खरी परीक्षा यापुढेच होती. वि. सं. १६६७ (इ.स. १६१०) च्या सुमारास वडिलांनी घराचा भार मुलावर सोपविण्याचे ठरविले. रत्ने, वीस मण तूप, दोन कुप्पे तेल आणि दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड असा माल गाड्यांवर घालून बनारसीदास आगऱ्याला निघाले. इटाव्याजवळ वादळी पावसाने गाठले. सराईत जागा नव्हती. चिखलात अनवाणी फिरत त्यांनी एकेक दार ठोठावले. कोणी आत घेतले नाही. शेवटी पहारेकऱ्यांच्या झोपडीत आसरा मिळाला. तेथेही नंतर आलेल्या एका दांडगट माणसाने खाट बळकावली. बनारसीदास आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या खाटेखाली तरटावर झोपून रात्र काढली. विशेष म्हणजे हा प्रसंग सांगताना त्यांच्या लेखणीत कडवटपणा नाही. आहे ते मिस्कील हास्य.

आगऱ्यात एकामागून एक नुकसान झाले. कापड तोट्यात गेले. काही रत्ने इजारीच्या नाड्यात बांधली होती, ती हरवली; काही कापडात बांधून ठेवली होती, ती उंदराने पळविली. तापाने अंथरूण धरावे लागले. हाती काही उरले नाही, तेव्हा ते रोज संध्याकाळी दहा-वीस श्रोत्यांना ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या कथा वाचून दाखवू लागले. दोन वेळच्या जेवणासाठी त्यांनी एका कचोरीवाल्याकडे उधारी सुरू केली. बरेच दिवस लोटल्यावर मन टोचू लागले. एके दिवशी एकांतात त्यांनी कचोरीवाल्याला आपली खरी स्थिती सांगितली आणि यापुढे उधार देऊ नये असे सुचविले. त्या साध्या माणसाने पैशांची चिंता न करता वीस रुपयांपर्यंत खुशाल खावे, असे उत्तर दिले. सहा-सात महिने बनारसीदास त्याच्याच कचोऱ्यांवर जगले. पुढे भागीदारीत थोडा पैसा हाती येताच त्यांनी त्याचे चौदा रुपये चुकते केले.

दोन वर्षे भागीदारी करून हिशेब मांडला, तर कमाई आणि खर्च यांची बरोबरी झालेली. रित्या हातांनी ते खैराबादला सासरी गेले. पतीची स्थिती ओळखून पत्नीने आपल्याजवळ साठविलेले वीस रुपये काढून त्यांच्या हाती ठेवले आणि धीर दिला. इतकेच करून ती थांबली नाही. तिने आपल्या आईला विश्वासात घेतले आणि आईने जावयाला गुपचूप दोनशे रुपये दिले. बनारसीदासांच्या साऱ्या व्यापारात लक्षात राहणारी भांडवलाची रक्कम कोणती असेल, तर ती हे वीस रुपये होय.

मृत्यूची छाया

या पत्नीचाही सहवास फार काळ लाभला नाही. परगावी असताना बनारसीदासांना एक पत्र आले. प्रसूतीनंतर बाळ आणि पाठोपाठ पत्नी निवर्तल्याचे त्यात लिहिले होते. आणि धाकट्या मेहुणीशी त्यांचा विवाह निश्चित झाल्याचेही त्याच पत्रात होते. शोकाचे आणि मंगलाचे वर्तमान एकाच कागदावर आले.

इ.स. १६१६ मध्ये वडील खरगसेन गेले. त्याच सुमारास आगऱ्यात गाठीच्या रोगाची साथ पसरली. उंदीर मरू लागले, माणसांच्या अंगावर गाठ येई आणि माणूस पाहता पाहता मरे. वैद्यांचे काही चालेना. लोक शहर सोडून पळाले. बनारसीदासही काही काळ जवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. जिवलग मित्र आणि भागीदार नरोत्तमदास यांच्या मृत्यूने त्यांना फार मोठा धक्का बसला. या मित्रासोबत त्यांनी अनेक प्रवास केले होते. एकदा रानात वाट चुकून ते सोबत्यांसह चोरांच्याच वस्तीत जाऊन पोहोचले, तेव्हा बनारसीदासांनी प्रसंगावधान राखून नायकाला संस्कृत श्लोकाने आशीर्वाद दिला. त्याने त्यांना ब्राह्मण समजून आसरा दिला. त्या रात्री कापडाचे धागे काढून त्यांनी जानवी वळली, मातीचे टिळे लावले आणि सकाळी त्याच नायकाने त्यांना वाटेला लावून दिले.

बनारसीदासांचे तीन विवाह झाले. सात पुत्र आणि दोन कन्या अशी नऊ अपत्ये झाली. नऊपैकी एकही जगले नाही. शेवटचा मुलगा काही वर्षांचा होऊन गेला, तेव्हा घरात केवळ पती-पत्नी उरले. या दुःखावर कोणतेही भाष्य अपुरे आहे. त्यांनी स्वतःही ते थोडक्यात, जवळजवळ वहीतील नोंदीसारखे लिहिले आहे. आणि मोहामुळे आपल्याला दीर्घकाळ शोक झाला, हेही प्रांजळपणे कबूल केले आहे.

निश्चयाचा भ्रम आणि समत्वाचा लाभ

वि. सं. १६८० (इ.स. १६२३) मध्ये अर्थमल ढोर या अध्यात्मप्रेमी गृहस्थाने त्यांना आचार्य कुंदकुंदांच्या समयसारावरील पांडे राजमल्ल यांची टीका वाचावयास दिली. आत्मा शुद्ध आहे, क्रिया बाह्य आहे, हा निश्चयनयाचा विचार त्यांच्या मनाला भिडला. पण तो अर्धाच पचला. त्यांनी जप, सामायिक, प्रतिक्रमण सर्व सोडून दिले. देवापुढील नैवेद्य खाण्यापर्यंत मजल गेली. तीन मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे टाकून, आपण मुनी झालो आहोत, असे म्हणत ते नाचले. समाजात त्यांची निंदा झाली आणि त्यांना हिणवणारी नावेही ठेवली गेली. आपल्या जीवनातील हा अध्यायही त्यांनी झाकून ठेवलेला नाही.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. अनिश्चिततेला तोंड देण्याचे दोन सोपे मार्ग बनारसीदासांनी चोखाळून पाहिले होते. तारुण्यात त्यांनी देवाशी सौदा केला. मंत्र म्हणतो, मोहोर दे. प्रौढपणी त्यांनी जगच नाकारले. सारे बाह्य आहे, मग कर्तव्य कसले? दोन्ही मार्गांत मन स्थिर झाले नाही. पहिल्यात लोभ होता, दुसऱ्यात अहंकार.

सुमारे बारा वर्षे ही दोलायमान अवस्था टिकली. वि. सं. १६९२ (इ.स. १६३५) मध्ये पंडित रूपचंद आगऱ्यात आले आणि तिहुना साहूंच्या मंदिरात उतरले. त्यांनी अध्यात्मप्रेमी मंडळींना गोम्मटसार समजावून सांगितला. जीव ज्या गुणस्थानावर आहे त्याला अनुरूप अशी क्रिया असते. शिखराचे ज्ञान झाले म्हणून पायऱ्या निरर्थक ठरत नाहीत, हे गुणस्थानांच्या विवेचनातून उलगडले. निश्चय आणि व्यवहार यांचा विरोध मावळला. स्याद्वादाचा अर्थ बनारसीदासांना तेव्हा खऱ्या अर्थाने उमगला. कुंवरपाल, भगवतीदास, चतुर्भुज, धरमदास अशा मित्रांसह त्यांची नित्य तत्त्वचर्चा चालू लागली. पुढच्याच वर्षी, वि. सं. १६९३ (इ.स. १६३६) मध्ये, ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले. हा ग्रंथ सामान्य श्रावकाला समजेल अशा लोकभाषेत लिहिलेला आहे. श्वेतांबर परंपरेत जन्मलेल्या या कवीची ही रचना दिगंबर मंदिरांत आजही भक्तिभावाने वाचली जाते. पंथभेदाच्या भिंती ज्ञानापुढे किती ठेंगण्या असतात, याचे हे सुंदर प्रमाण होय.

वि. सं. १६९८ च्या मार्गशीर्षात (इ.स. १६४१) त्यांनी ‘अर्धकथानक’ पूर्ण केले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले, तर पंचावन्न वर्षे हे अर्धे आयुष्य, म्हणून हे नाव. ६७५ छंदांच्या या ग्रंथात त्यांनी आपले गुण सांगितले तसेच दोषही मोजून दाखविले. भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्रांत त्याची गणना होते. उरलेले अर्धे आयुष्य मात्र त्यांना मिळाले नाही. त्यानंतर काही काळातच त्यांचा देहान्त झाला. वि. सं. १७०१ मध्ये जगजीवन यांनी त्यांच्या स्फुट रचना ‘बनारसी विलास’ या नावाने संकलित केल्या. ‘अर्धकथानका’ला आधुनिक काळात प्रकाशात आणण्याचे श्रेय आपल्या मुंबईला आहे. पंडित नाथूराम प्रेमी यांनी इ.स. १९४३ मध्ये मुंबईहून त्याची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली.

आपल्यासाठी

बनारसीदासांच्या जीवनातून कोणती शिकवण घ्यावी? धर्म केला म्हणजे संकटे टळतात, असे हे जीवन सांगत नाही. सामायिक करणाऱ्या बनारसीदासांची रत्ने उंदराने नेली, आणि समयसार जाणणाऱ्या बनारसीदासांचेही घर रिकामे झाले. बदलली ती परिस्थिती नव्हे. परिस्थितीकडे पाहणारी दृष्टी बदलली. अकबराच्या मृत्यूची वार्ता ऐकून जिन्यावरून कोसळणारा तरुण आणि नऊ अपत्यांचा वियोग सोसूनही शांतपणे आपल्या आयुष्याचा जमाखर्च मांडणारा प्रौढ, या दोघांमधील अंतर हेच त्यांच्या साधनेचे फळ होय. व्यापाऱ्याने वही लिहावी तसे त्यांनी जीवन लिहिले. नफा वाढवून दाखविला नाही, तोटा लपविला नाही. कर्माचा उदय येतो आणि जातो. पाहणारा आत्मा वेगळा आहे, हे ज्याला कळले त्यालाच असा प्रामाणिक हिशेब लिहिता येतो.

दुसरी शिकवण संस्थेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते. बनारसीदास एकटे तरले नाहीत. शाहजादपूरच्या करमचंदाने घर दिले, पहारेकऱ्यांनी झोपडी दिली, कचोरीवाल्याने अन्न दिले, पत्नीने वीस रुपये दिले, अर्थमलांनी ग्रंथ दिला आणि रूपचंदांनी त्या ग्रंथाचा योग्य अर्थ दिला. जीवांनी परस्परांवर उपकार करावेत, हे आपल्या धर्माचे तत्त्व या साध्या माणसांनी आचरून दाखविले. त्यांतील कोणालाही आपण एका महाकवीला साहाय्य करीत आहोत, याची कल्पना नव्हती.

आपल्या ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने हे स्मरण करावेसे वाटते. धर्मशाळेची खोली, विद्यार्थ्याला दिलेली शिष्यवृत्ती, आजाऱ्याला मिळालेली मदत, पाठशाळेत चालणारा स्वाध्याय, ही सर्व त्या उघडलेल्या दारांची रूपे आहेत. काळ बदलत राहील. व्यवसाय बदलतील, तरुण पिढी दूर देशी जाईल, आज भरलेली घरे उद्या रिकामी होतील. इटाव्याच्या त्या पावसाळी रात्रीसारखी रात्र कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. त्या रात्री चिखलातून चालत येणाऱ्याने दार ठोठावले तर ते आतून उघडले जावे, एवढी काळजी आपण घेऊ या. कविवर बनारसीदासांना तीच खरी विनयांजली ठरेल.

जय जिनेंद्र.